रविवारी सांगायचं होतं

अलका,

गुरुवारी सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं आणि उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "बोला नवरीबाई." पलीकडे तू नव्हतीस. निखिल होता. तो म्हणाला, "मावशी, आई गेली." आणि मी विचारलं, "कुठे गेली?"

खरंच विचारलं गं. बाजारात गेली, बँकेत गेली, फोन घरी विसरून गेली, असंच काहीतरी असणार असं वाटलं मला.  मग तुझ्या मुलाला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, जरा मोठ्याने, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगतात तसं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दिलीपने विचारलं, कुणाचा फोन. मी सांगितलं, अलकाचा.

काल तुझं तेरावं झालं. मंडळी आपापल्या गावी गेली. मी अंबरनाथला घरी आले, हातपाय धुतले आणि तुला फोन लावायला घेतला. तेराव्याला काय काय झालं ते तुला सांगायचं होतं. तुझ्या तेराव्याचं तुलाच. नाव शोधून बोट टेकवलंसुद्धा. मग फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला. मी ठीक नाही, हे यावरून तुला कळेल. पण कालचं तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही, आणि ते सांगायचं तर बडोद्यापासून सांगावं लागेल.

तू कशी गेलीस ते आधी लिहून टाकते, म्हणजे ते माझ्या डोक्यातून निघेल. बदलापूरला तुमच्या मांजर्लीच्या गेटबाहेर चामटोलीहून येणारी भाजीवाली बसते ना, तिच्यापुढे तू उभी होतीस. मला ती परवा भेटली. म्हणाली, "बाई बोलल्या, ही मेथी ठेव बाजूला, पिशवी घेऊन येते. आनि खालीच बसल्या. मला वाटलं, आणखी जुड्या बघतात." मग तुझं डोकं तिच्या खांद्यावर आलं. डॉक्टर आला तेव्हा करायला काही उरलं नव्हतं. हार्ट म्हणाला. तुझं हार्ट! बडोद्याच्या त्या राजवाड्याचे जिने तू माझ्या पुढे चढत होतीस आणि वरून मला हाका मारत होतीस. मी धापा टाकत होते. आपल्या दोघींपैकी कुणाचं हार्ट बंद पडणार असं कुणी त्या दिवशी विचारलं असतं, तर चौघांनीही माझंच नाव घेतलं असतं.

रविवारी रात्री आपण परत आलो आणि गुरुवारी तू नाहीस. मधले दिवस मी कपडे धुण्यात घालवले.

बडोदं तुझ्याच डोक्यातून निघालेलं. शाळेतून रिटायर झाल्यापासून तुला चित्रं बघायचं वेड लागलं होतं. इतकी वर्षं तू भूगोल शिकवलास आणि मी मराठी, आणि स्टाफरूममध्ये तू चित्राबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हतास. मग एकदा मुंबईत कुठल्याशा प्रदर्शनाला तू मला ओढून नेलंस आणि तिथून ते सुरूच झालं. महिन्या-दोन महिन्यांनी एक शनिवार. एक प्रदर्शन, मग कुठेतरी बसून भरपूर जेवण. पहिल्यांदा आपण दोघी, मग दिलीप, बायकोपेक्षा जेवणाच्या आशेने, आणि मग हरेशभाई.

हरेशभाईंना तू पहिल्यांदा घेऊन आलीस तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात पडद्यांचं दुकान असलेला माणूस, आपल्या शाळेच्या रंगमंचाचा मरून पडदा त्यांनीच शिवलेला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तू म्हणालीस, एकटेच असतात, येऊ देत. आणि ते आले, आणि पहिल्याच प्रदर्शनात चित्रापुढे न थांबता खिडक्यांपुढे थांबले. परत येताना म्हणाले, "हॉल अच्छा है, पण पडद्याला अस्तर नाही लावलं. सहा महिन्यात फेड होणार." तू इतकी हसलीस. मला तेव्हा काही कळलं नाही. मी तुझी एवढी जुनी मैत्रीण, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

त्यांच्याच गाडीने आपण बडोद्याला गेलो. तू पुढे बसलीस, कारण फोनमधल्या नकाशावर तुझा विश्वास नव्हता. दर वळणाआधी फोनमधली बाई काहीतरी सांगायची आणि तू तिला उत्तर द्यायचीस. दिलीप मागे घोरत होता. वापीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा हरेशभाईंनी न विचारता तुझ्या चहात साखर घालू नका असं सांगितलं. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

पहिल्या दिवशी बागेतलं ते जुनं संग्रहालय. देवमाशाचा सांगाडा बघून तू शाळेतल्यासारखी उभी राहिलीस आणि आम्हा तिघांना तो वाहून कसा आला, नदीचं मुख, भरती-ओहोटी सगळं समजावलंस. मागे दोन अनोळखी बायका येऊन ऐकत उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीने शंकाही विचारली. संध्याकाळी सेव उसळ. तू दोनदा तर्री मागून घेतलीस, नाक पुसत खाल्लीस आणि म्हणालीस, हे आपल्या मिसळीचं सासरी गेलेलं भावंड आहे. दुसऱ्या दिवशी राजवाडा.

राजवाड्यातल्या त्या दालनात आपलं भांडण झालं. अजून मिटलेलं नाही ते, म्हणून लिहिते. खुर्चीत बसलेली निळ्या साडीतली बाई. एक हात मांडीवर, एक खुर्चीच्या हातावर, नजर चित्राच्या बाहेर, उजवीकडे. मी म्हणाले, किती छान दाखवलंय, कुणाची तरी वाट बघतेय. तू फटकन म्हणालीस, "बाई बसली की ती वाट बघत असते का? बसली असेल. तिला बसावंसं वाटलं असेल." मी म्हटलं, नजर बघ ना. तू म्हणालीस, नजरेला कुठेतरी जावंच लागतं. आपला आवाज चढला, तिथला पहारेकरी बघायला लागला. दिलीप बाकावर जाऊन बसला. हरेशभाई मधे आले, बराच वेळ चित्र न्याहाळलं आणि म्हणाले, "पीछे का परदा मखमल आहे. ओरिजिनल." भांडण तिथे थांबलं, पण मिटलं नाही. तू जाता जाता म्हणालीस, "तुझं चुकतंय, आणि का चुकतंय ते तुला जेवताना सांगते."

मग ते जेवण.

थाळीचं हॉटेल होतं. वाढपी एकामागून एक येत होते, आपण नको म्हणेपर्यंत वाटी भरलेली असायची. कढी वाढून तो मुलगा पुढे गेला आणि तू म्हणालीस, "आम्ही लग्न करायचं ठरवलंय. मी आणि हरेशभाई."

मला पहिल्यांदा वाटलं, कुणाच्या तरी मुलांबद्दल बोलतेयस. मी तुझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. ते ताटात बघत होते, कान लाल झाले होते. दिलीपच्या हातातली पुरी तशीच हातात. सर्वांत आधी तोच बोलला. त्याने विचारलं, राहणार कुठे? मला त्याचा राग आला, पण तू खूश झालीस, कारण या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे तयार होतं. उन्हाळ्यात मांजर्ली, कारण नदीवरून वारा येतो. पावसाळ्यात उल्हासनगर, कारण मांजर्लीला पाणी भरतं. तू ते हवामानाच्या धड्यासारखं सांगितलंस.

मी रडले की हसले, मला आठवत नाही. दोन्ही केलं असणार, कारण वाढप्याने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मी हरेशभाईंना विचारलं, तुम्ही हिला अजून मॅडमच म्हणता? ते म्हणाले, "आदत हो गई, भाभी. मैंने मॅडम को बोला, सोच लो, लोग बोलेंगे. मॅडम बोली, विचार झाला." मग पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं आणि तुझ्याकडे बघून हसले. एवढी वर्षं तुझ्याशेजारी बसून डबा खाल्लेल्या मला तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते नवीन होतं. गेल्या दोन आठवड्यांत मी ते पुन्हा पुन्हा आठवून बघते आहे.

आणि मग तू आमच्याकडून वचन घेतलंस. पुढच्या रविवारी निखिल आणि तुझी सून पूजा तुझ्याकडे जेवायला येणार होते. हेंद्रेपाड्याहून मांजर्ली, दहा मिनिटांचा रस्ता, पण तू मुद्दाम बोलावलं होतंस. त्यांना तू स्वतः सांगणार होतीस. "तोवर तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही," तू म्हणालीस. "माझं मला सांगू दे. दुसऱ्याकडून कळलं तर त्याला वाटेल, मी चोरून केलं." आम्ही हो म्हणालो. दिलीपने तर हात पुढे करून वचन दिलं.

त्या संध्याकाळी ते दोघं गाडीत हवा भरायला गेले होते आणि आपण तळ्याच्या काठावर शेंगा खात बसलो होतो. तू म्हणालीस, लोक काय म्हणतील ते सोडून दिलंय मी. पण निखिलचं नाही सोडता येत. आणि वन्संचं. मला वाटलं होतं, तुला फक्त मुलाची काळजी असेल. पण तुझ्या नवऱ्याची ती महाडची थोरली बहीण, तिचा धाक तुला इतक्या वर्षांनंतरही होता. तू म्हणालीस, नवरा गेल्यावर घर उभं राहिलं ते वन्संमुळे, त्यांनी निखिलचं शिक्षण बघितलं, आता त्यांना जाऊन काय सांगू, की मला आणखी एक नवरा हवाय? मी म्हटलं, तेच सांग. तू म्हणालीस, तुला सोपं आहे. त्यावर मला बरंच बोलायचं होतं. पण तेवढ्यात गाडी आली आणि हरेशभाईंनी हॉर्न वाजवला.

आता ते बोलणं माझ्यापाशीच राहिलं. मला म्हणायचं होतं की मला तुझा अभिमान वाटतो. एवढंच. तू नुसतं "चल" म्हणून उठली असतीस, माहीत आहे.

त्या गुरुवारी आम्ही बदलापूरला पोचलो तेव्हा बिल्डिंगखाली माणसं जमली होती. हरेशभाई वॉचमनच्या केबिनजवळ उभे होते. पांढरा शर्ट, हातात काही नाही. त्यांना मीच कळवलं होतं. कसं कळवलं, काय शब्द वापरले, विचारू नकोस, मला खरंच आठवत नाही. कुणीतरी त्यांना म्हणालं, काका, गाडी काढता का, अँब्युलन्स यायचीय. त्यांनी गाडी काढली, लांब कुठेतरी लावली आणि चालत परत आले. त्याच जागी उभे राहिले. वर आले नाहीत. मी बोलवायला खाली गेले तर म्हणाले, "ऊपर फॅमिली आहे, भाभी."

तुला खाली आणलं तेव्हा निखिल सगळ्यांना हात जोडत होता. हरेशभाईंपाशी आला आणि थांबला. चेहरा ओळखीचा नव्हता ना. विचारलं, "आपण?"

अलका, मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला वाटलं, आता ते सांगतील. मला वाटलं, सांगू नयेत. ते म्हणाले, "शाळेचा पडदा मी शिवला होता."

निखिलने पुन्हा हात जोडले. "आलात, बरं वाटलं," म्हणाला आणि पुढे गेला.

स्मशानात काय झालं ते दिलीपने मला नंतर सांगितलं. नातेवाईक एकेक करून पुढे जात होते, लाकूड ठेवत होते. हरेशभाई सगळ्यांच्या मागे. दिलीपने त्यांच्या पाठीला हात लावला आणि हलकेच पुढे ढकललं. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनीही लाकूड ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. परत आल्यावर ते दिलीपला म्हणाले, हिंदीत, की इतक्या जणांत मीच एकटा होतो ज्याला मॅडमचं घर आतून कसं आहे ते अजून माहीत नाही. दिलीप हे सांगताना रडला. तू दिलीपला रडताना कधी बघितलं नाहीस. मीसुद्धा नाही.

तुझा रविवार आला आणि गेला.

मी काय करायचं, यावर घरात भांडणं झाली. दिलीप म्हणायचा, वचन दिलंय, आणि आता सांगून कुणाचं काय भलं होणार. हरेशभाईंना विचारलं तर त्यांनी हातच जोडले. मॅडमनी नाही सांगितलं, मग मी सांगणारा कोण, असं म्हणाले. मी स्वयंपाक करता करता तुझ्याशी वाद घालायचे. अगं, तुला तुझं तू सांगायचं होतं ना? मग थांबायचं होतंस की रविवारपर्यंत. आता तुझं गुपित घेऊन मी किती दिवस हिंडू? आणि तो माणूस दुकानात बसून पडदे मोजतोय, त्याच्यापाशी कुणी दोन मिनिटं बसायलासुद्धा जात नाही, कारण त्याचं काय गेलं हे कुणाला माहीतच नाही.

मग दहाव्याच्या आदल्या दुपारी निखिल माझ्याकडे आला. एकटाच. आला तो बाहेरच्या खोलीत उभाच राहिला. मी पाणी दिलं ते हातात धरून म्हणाला, "मावशी, आईला काय झालं होतं?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं ना.

तो म्हणाला, ते नाही, त्याआधी. आई आम्हाला रविवारी मुद्दाम जेवायला बोलावत होती. पूजाला म्हणाली होती, दोघंही या, जरा महत्त्वाचं बोलायचंय, आणि निखिलला आधीपासून टेन्शन देऊ नकोस. तर तिला काहीतरी आजार होता आणि ती तोच सांगणार होती, होय ना? तिने तपासण्या केल्या होत्या का? तू बडोद्याला बरोबर होतीस, तुला माहीत असणार. तिच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, बदलापुरातल्या दोन लॅबमध्ये विचारून आलो. कुणी काही सांगत नाही.

त्याचे डोळे बघितले मी. तुझा मुलगा तुझा आजार शोधत फिरत होता, गं. नसलेला. आठवडाभर तो स्वतःला खात होता की आई आजारी होती आणि मला दिसलं नाही.

मी त्याला बसवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. तुझी परवानगी घ्यायला तू नव्हतीस आणि घेतली असती तरी तू दिली नसतीस, पण त्याला लॅबमध्ये फिरताना तू बघितलं असतंस तर तूच सांगून मोकळी झाली असतीस.

त्याने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणून तू फोनवर नवरीबाई म्हणालीस."

त्याने ऐकलं होतं. त्या क्षणी, आईची बातमी सांगताना, त्याने ते ऐकलं होतं आणि इतके दिवस मला विचारलं नव्हतं.

मग त्याला राग आला. आवाज चढवला नाही त्याने, तुझ्यासारखाच आहे. म्हणाला, तो पडदेवाला? मी त्याला विचारलं कोण आपण, आणि तो म्हणाला शाळेचा पडदा? आणि तुम्ही सगळे बघत होता? मग म्हणाला, तुला सांगितलं, काकांना सांगितलं, मला सांगायला तिला रविवार लागला. मी म्हटलं, तुझंच मत तिला सगळ्यात महत्त्वाचं होतं, म्हणून तुझ्यापाशी तिचा धीर होत नव्हता. त्याला ते पटलं की नाही, कोण जाणे. दारात चपला घालताना त्याने खाली बघत विचारलं, "आनंदात होती का?" मी म्हटलं, हो. फार. तो गेला. मी दिलीपला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता होईल ते होईल."

दोन दिवस काही कळलं नाही. दहाव्याला निखिल माझ्याशी बोलला नाही. हरेशभाई आलेच नव्हते. मग अकराव्याच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज असा की मी घाबरले. म्हणाले, "भाभी, मॅडमचा मुलगा आला होता दुकानात."

मी विचारलं, काय म्हणाला?

ते म्हणाले, काही नाही. बसला. मी चहा मागवला. गिऱ्हाईकं येत होती, तो बाजूला सरकून बसत होता. मग म्हणाला, बडोद्याला आई काय काय जेवली ते सांगा. मी सगळं सांगितलं. उसळ सांगितली, कढी सांगितली, खांडवी आवडली नाही ते सांगितलं, परतताना गाडीत शेंगा सोलून मला देत होती ते सांगितलं. तो ऐकत होता. मग उठला आणि म्हणाला, परवा तेरावं आहे, तुम्ही या. वर या.

आणि काल ते आले, अलका. वर आले. तुझ्या घराच्या उंबऱ्यावर जरा थांबले, मग आत आले. तुझ्या फोटोला हार घातला. तुझं घर इकडून तिकडे बघितलं, कुठे काय आहे ते. खिडकीवरचे तुझे ते विटके पडदे बघितले आणि काही बोलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

पंगत बसली तेव्हा ते शेवटच्या कोपऱ्यात बसायला निघाले. निखिलने त्यांचा हात धरला आणि पहिल्या रांगेत, स्वतःच्या जागेशेजारी बसवलं. तुझ्या कल्याणच्या दिरांनी विचारलं, हे कोण रे? निखिलच्या हातात भाताचं भांडं होतं. तो वाढता वाढता थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण ओरडून नाही, म्हणाला, "हे हरेशकाका. आई यांच्याशी लग्न करणार होती. मला रविवारी सांगणार होती, राहून गेलं."

आणि पुढच्या पानात भात वाढला.

पूजा स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली. कल्याणच्या दिरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. हरेशभाईंचे हात मांडीवर, पान भरलेलं, आणि ते पानाकडे बघत होते. मला वाटलं, आता उठतील. मी वन्संकडे बघितलं. तुझ्या महाडच्या वन्सं. त्या वरणाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्या वाकल्या, हरेशभाईंच्या भातावर वरण घातलं, तूप घातलं आणि म्हणाल्या, "जेवा. गार होतंय."

ते जेवले. हळूहळू, सगळं.

पंगत उठल्यावर मी मागच्या गॅलरीत हात धुवायला गेले तर वन्सं तिथे स्टुलावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, तुम्हाला माहीत होतं? मी हो म्हटलं. म्हणाल्या, मग मला का नाही बोलली ती? आता खोटं काय बोलायचं. मी सांगितलं, तिला तुमची भीती वाटत होती.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझी?" म्हणाल्या. "भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीपासून माझ्या मनात होतं हिला सांगायचं, बाई गं, तू परत लग्न कर. दोनदा महाडहून तेवढ्यासाठी आले होते मी. हिच्या तोंडाकडे बघितलं आणि धीर झाला नाही. वाटलं, हिला राग येईल. वाटेल, नणंद घरातून काढायला बघते."

आणि तोंडाला पदर लावून त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. इतकी वर्षं, अलका. तू बदलापुरात आणि त्या महाडात.